दोन मिळवून लिहायचं

६ जानेवारी, सोमवार

आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि माझं सुख संपलं. अकरा वर्षं आमचं ठरलेलं होतं. ते विचारायचे, "काय मास्तर, कसं काय?" मी म्हणायचो, "बरं आहे." ते जुन्याच गोळ्या नव्या कागदावर लिहायचे आणि मी उठायचो. दोन मिनिटांत दोघंही मोकळे. त्याला म्हणतात डॉक्टर.

आज त्यांच्या खुर्चीत एक बाई बसलेली. वय चाळिशीच्या आत-बाहेर. अंगातला पांढरा कोट इतका ढगळ की खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या दोनदा दुमडलेल्या. तयार कपडा, दुसरं काय! पन्नास वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला असला कोट समोर ठेवून तब्येतीचं बोलायला लावणं हाच मुळात अन्याय आहे.

"आजोबा, कसं वाटतंय?"

शहात्तरीला आजोबा म्हटलं तर चुकलं काहीच नाही, तरी मला राग आला. "बरं आहे," म्हटलं आणि उठायला लागलो.

"बसा की. बरं म्हणजे कसं?"

आता बरं म्हणजे बरं! मी गप्प. तीही गप्प. तिने पेन खाली ठेवलं, कॉम्प्युटरकडे पाठ केली आणि नुसती बसून राहिली. मी घड्याळ पाहिलं, छत पाहिलं, तिच्या कोटाची निसटत चाललेली गुंडी पाहिली. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "जिना चढताना थोडा दम लागतो."

"कितव्या पायरीवर?"

असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. दुकान खाली, घर वर, मध्ये सोळा पायऱ्या. मी म्हटलं, "बाराव्या." खरं तर आठव्या.

मग तिने समजावून सांगितलं. हृदय थकलंय, त्यामुळे अंगात पाणी साठतं, आधी पायांत, मग छातीत. ते काढायला सकाळी एक पाण्याची गोळी वाढवली. रोज उठल्यावर वजन करायचं, घोट्याचं माप घ्यायचं, झोपताना उशा किती लागल्या ते मोजायचं, आणि हे सगळं एका वहीत लिहायचं. वही तिनेच दिली. वर म्हणते, "आता घरी जाऊन काकूंना काय सांगाल ते मला सांगून दाखवा." पोरासारखा धडा म्हणून घेतला माझ्याकडून!

तिच्या वहीत नुसते चौकोन आहेत. माणसाचा राग चौकोनात मावत नाही, म्हणून तो इथे, दुकानाच्या जुन्या मापवहीच्या उरलेल्या पानांत लिहितो आहे.

८ जानेवारी

वजन ६८. घोटा साडेनऊ इंच. डॉक्टरच्या वहीत लिहिलं सव्वानऊ.

लबाडी नाही ही. आमच्या धंद्याची रीत आहे. ही जुनी वही चाळताना सगळं आठवलं. माप मी घ्यायचो आणि लिहायची आमची ही. दुकान भरलेलं असताना एखाद्या पोटवाल्या साहेबाची कंबर चव्वेचाळीस भरली, तर मी मोठ्याने ओरडायचो, "बेचाळीस!" आणि ही मान वर न करता चव्वेचाळीस लिहायची. जाड माणसाला दोन मिळवून लिहायचं, हे आमच्यात कधी बोलून ठरलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा मान राहायचा आणि पँटही बसायची. चाळीस वर्षांत एकही कपडा परत आला नाही.

तेव्हा मी सव्वानऊ लिहिलं तर समोरच्याने समजून घ्यावं. शहाण्या माणसाला एवढं कळतं.

११ जानेवारी

आज सकाळी टेप पलंगाच्या पायथ्याशी सापडली. मी ती गळ्यातून काढतो ती सरळ खुंटीवर, पन्नास वर्षांत त्यात बदल नाही. हिला विचारलं तर म्हणाली, "तुमचं हल्ली लक्ष कुठे असतं?" म्हातारपण, झालं.

१४ जानेवारी

पाण्याची गोळी आजपासून बंद.

एका गिऱ्हाइकाच्या कोटाची ट्रायल चालू होती. माझ्या तोंडात चार टाचण्या, त्याच्या पाठीवर खडू. आणि लघवीची कळ आली ती अशी की थांबायला तयार नाही. दुकानात संडास नाही, तो वर. टाचण्या त्याच्या हातात देऊन निघालो. आठव्या पायरीवर दम घ्यावा लागला. अकराव्या पायरीवर... पुढचं लिहीत नाही.

खाली निरोप पाठवला की तब्येत बरी नाही, उद्या या. पँट मी स्वतः धुवायला घेतली. ही आली. "चहा सांडला," मी म्हणालो. ती म्हणाली, "होय का," आणि माझ्या हातातून बादली घेऊन गेली. नशीब, जास्त विचारलं नाही.

माझी स्वतःची शिवलेली पँट. तिच्यावर कधी खडूचा डागही पडू दिला नव्हता मी.

सकाळी ही माझ्या तळहातावर गोळी ठेवते. आता मी "खाली जाऊन घेतो" म्हणतो आणि ती पांढऱ्या गुंड्यांच्या डब्यात टाकतो. तिथे ती कोणाला ओळखू येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुकान सोडलं तर गोळीही घेता येईल, पण दुकान सोडून मी करू काय? वर बसून भिंती मोजू?

१७ जानेवारी

हिचा गुडघा दुखतोय म्हणे. नव्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला एकटीच गेली आणि दीड तासाने आली. काय म्हणाली डॉक्टर, विचारलं तर, "चालत राहा म्हणाली." एवढं सांगायला दीड तास! आणि गंमत म्हणजे जाताना-येताना सोळाच्या सोळा पायऱ्या ही झपझप उतरली-चढली. बायकांच्या दुखण्याचं काही खरं नसतं.

२० जानेवारी, सोमवार

आज एक चमत्कार पाहिला.

दवाखान्यात गेल्याबरोबर ती "या मास्तर" म्हणाली. आजोबा गेले, मास्तर आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? तिने वही पाहिली, पुढून पाहिली, मागून पाहिली, मिटली. तब्येतीचं काही विचारलंच नाही. "मास्तर, कोटाची कॉलर अशी मानेला चिकटून कशी बसवतात हो?" म्हणाली.

असा प्रश्न मला दहा वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी सुरू झालो. आतलं कापड तिरकं कापायचं, हाताने टाके घालायचे, घालताना कापड बोटावर वळवून धरायचं... बोलण्याच्या भरात तीन-चारदा थांबून श्वास घ्यावा लागला, पण तिला घाई नव्हती. माझ्या मानेकडे, छातीकडे एकटक बघत ऐकत होती. शिकण्याची आवड असावी तर अशी. मग मी तिला धंद्यातलं गुपितही सांगितलं. कंबर मोजायला टेप लावली की प्रत्येक पुरुष पोट आत ओढतो. त्याला "सोडा" म्हटलं तर तो आणखी ओढतो. त्यापेक्षा मुलं काय करतात ते विचारायचं. तो मुलांचं सांगायला लागला की पोट आपोआप सुटतं, मग टेप आवळायची.

ती इतकी हसली! म्हणाली, "मीही तेच करते." करत असेल इतर पेशंटांवर. हुशार आहे.

चमत्कार पुढेच. "उशा किती?" मी म्हटलं, "दीड." तिने लिहिलं तीन. उलटा आकडाही मला वाचता येतो, आयुष्य गेलं त्यात. "घोटा?" "साडेनऊ." तिने लिहिलं दहा. बरोब्बर दहाच होता! "मास्तर, तुम्ही सांगाल त्यात थोडं मिळवून लिहिलं तर चालेल ना?" म्हणाली. नजरेने माप घेणारा माणूस आयुष्यात मी एकच पाहिला होता, आणि तो आरशात. आज दुसरा पाहिला.

शेवटी एकदा हळूच विचारलं, "गोळ्यांचा काही त्रास?"

"छे."

ती थांबली, बराच वेळ. मी या वेळी तयारीत होतो, छतच बघत राहिलो. ती म्हणाली, "सांगावंसं वाटलं की सांगा. मी दर सोमवारी इथेच आहे."

२९ जानेवारी

वजन ७१. काट्याची स्प्रिंग गेली असणार, जुना आहे. बुटांचे बंद शेवटच्या भोकातून काढले. घोटा लिहीत नाही.

पलंगावर चौथी उशी. मी मागितली नव्हती. अंथरूण घालताना हिच्याकडून जास्तीची पडली असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

दमलोय, तरी लिहितो.

सकाळी तिसऱ्याच पायरीवर बसावं लागलं. दवाखान्यात त्यांच्या काट्यावर ७२ भरलं. म्हणजे आमच्या काट्याची स्प्रिंग बिचारी ठणठणीत आहे. हिला बाहेर बाकावर बसवून मी आत गेलो. डॉक्टरने खाली वाकून माझ्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच, ओल्या कापडावर राहावा तसा.

मग ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, टेबलाच्या माझ्या बाजूला. "मास्तर, सरळ सांगते. गोळी रोज पोटात जातेय आणि तरी चार किलो पाणी साठलंय, याचा अर्थ ती गोळी आता पुरत नाही. मग मला तुम्हाला आजच हॉस्पिटलात भरती करावं लागेल. शिरेतून औषध द्यावं लागेल, आठवडा तरी जाईल. बाकीच्या आकड्यांत मी मिळवून लिहू शकते. पण गोळीचं तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तिथे मला मिळवता येत नाही."

एवढं बोलून तिने वही मिटून बाजूला ठेवली.

मनात आलं, भरती होऊ. आठवडा काढू. लाज तरी वाचेल. खरंच आलं, लिहायला कसली लाज! आणि मग दिसलं की आठवड्यानंतर हीच गोळी दुप्पट होऊन पुन्हा माझ्या तळहातावर येणार, आणि पायऱ्या सोळाच राहणार. दाराच्या फटीतून बाकावर बसलेली ही दिसत होती. माझी पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी घट्ट धरून. पिशवीत होतं काय, तर माझी टोपी.

मी सांगितलं. टाचण्या, आठवी पायरी, अकरावी पायरी, पँट, गुंड्यांचा डबा. जमिनीकडे बघत सांगितलं. मध्येच रडू आलं. शहात्तर वर्षांचा मी, परक्या बाईपुढे रडलो. तिने मध्ये एक शब्द टाकला नाही. "काही हरकत नाही"सुद्धा म्हणाली नाही, हे फार बरं केलं.

सगळं झाल्यावर म्हणाली, "चूक माझी आहे. मी तुमचा जिना विचारला, पण संडास कुठे आहे ते विचारलं नाही. दुकान किती वाजता बंद करता?"

"दोन वाजता."

"मग वर जाऊन जेवा आणि अडीचला गोळी घ्या. संध्याकाळपर्यंत वरच राहायचं. सकाळ तुमची, दुपार गोळीची. जमेल?"

एवढंच? ज्यासाठी मी तीन आठवडे स्वतःला बुडवत होतो, ते घड्याळाचा एक काटा सरकवून सुटलं? लहान मुलासारखा "जमेल, जमेल" म्हणालो.

"आता घरी जाऊन काकूंना काय सांगाल?"

या वेळी मी धडा नीट म्हटला. गोळी अडीचला. दिवसात किलोभर वजन वाढलं तर सोमवारची वाट न बघता फोन. आडवं पडून दम लागला तर लगेच दवाखाना. आज मात्र तिथेच इंजेक्शन टोचलं, आणि चार तास बसवून ठेवलं ते बाथरूमच्या दाराला लागून असलेल्या खुर्चीवर. खुर्ची स्वतः उचलून आणली तिने.

तिने नव्हे. त्यांनी. आजपासून या वहीत 'त्यांनी'.

७ फेब्रुवारी

७०. घोट्याचं हाड दिसायला लागलं. जुना मित्र भेटावा तसं वाटलं.

गुंड्यांचा डबा घेऊन बसलो आणि गोळ्या वेगळ्या काढल्या. वीस निघाल्या. हिने पाहिलं. मी म्हटलं, "अगं, चुकून मिसळल्या." ती म्हणाली, "गुंड्या नीट बघून लावा हं, नाहीतर कोणाच्या तरी कोटाला पाणी सुटेल." आणि आत जाऊन हसली की रडली, मला कळलं नाही. बराच वेळ आली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

६८. दोन उशा, खऱ्या दोन. आठव्या पायरीवर थांबलो नाही. तेरावीवर थांबलो, पण हौसेने.

डॉक्टरांनी आज एका म्हातारीला पाऊण तास दिला. मी बाहेर बसून सगळं बघत होतो. म्हातारी कानाने अधू. डॉक्टर ओरडत नव्हत्या, तिच्या बरोबर समोर बसून सावकाश बोलत होत्या आणि मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाखवत होत्या. रांगेतला एक जण करवादला, "इतका वेळ लागतो का?" मी म्हटलं, "चांगल्या शिंप्याकडे मापालाच वेळ लागतो बाबा, शिवायला नाही." महिन्याभरापूर्वी तो करवादणारा मीच होतो, हे त्याला सांगितलं नाही.

आणि त्या बाईंच्या अंगात तो ढगळ कोट! आता मला बघवत नाही.

२० फेब्रुवारी

पांढरं जाड सुती कापड आणलं. माप विचारणं बरं दिसणार नाही, नजरेने घेतलं. खांदा साडेचौदा, बाही बावीस. दोन मोठे खिसे, एक पेनांचा. कॉलर हाताने टाके घालून करणार, त्यांना सांगितली होती तशी. सकाळी नऊ ते अकरा हेच काम. गिऱ्हाइकं थांबतील.

१० मार्च, सोमवार

आज कोट नेला. ही सोबत होती. डॉक्टरांनी आधी "अहो मास्तर, हे कशाला?" केलं, मग घातला. खांद्याची शिवण खांद्यावर! बाई एकदम वेगळ्या दिसायला लागल्या, ताठ. नर्स डोकावून बघून गेली.

"कसा आहे?" मी विचारलं.

"छान आहे!"

मी खूश होणार, इतक्यात थबकलो. गिऱ्हाइकाचं 'छान आहे' आणि माझं 'बरं आहे' ही सख्खी भावंडं. टेप गळ्यात होतीच. मी समोरचं स्टूल ओढलं, बसलो आणि विचारलं, "छान म्हणजे कसा?"

"छान म्हणजे... छानच."

मी गप्प. त्यांच्याकडूनच शिकलो होतो. त्यांनी घड्याळ पाहिलं, छत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फस्सकन हसल्या. "बरं, सांगते. हात वर केला की काखेत ओढतोय. वरच्या फळीवरची फाईल काढताना."

"हां! आता कसं! हात वर करा." मुंढा नजरेने चुकला होता. बाहीचा तो घेर टेपनेच घ्यावा लागतो. नजरेचा गर्व उतरला, पण मजा आली. माप घेतलं आणि सवयीने मोठ्याने ओरडलो, "साडेसतरा!" हिने हाताला लागली ती माझी, डॉक्टरांनी दिलेली वही ओढली, उलटी करून मागच्या पानावर लिहिलं. चाळीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटलं.

लिहिलेलं बघायला मी वही घेतली. मागचं ते पान कोरं नव्हतं.

वहीच्या मागच्या बाजूने, पेन्सिलीने, हिच्या बारीक अक्षरात रकाने आखलेले होते, दुकानात आखायची तसेच. तारीख, वजन, घोटा, उशा. ८ जानेवारी, साडेनऊ. १९ जानेवारी, दहा, उशा तीन. २९ जानेवारी, पावणेअकरा, उशा चार. मी पुढून जे जे कमी लिहिलं, ते ते मागून हिने मिळवून लिहिलं होतं. झोपेत माझा घोटा मोजून. टेप पायथ्याशी का सापडली ते आज कळलं, आणि न दुखणारा गुडघा दवाखान्यात कशाला गेला होता तेही. मी डॉक्टरांच्या नजरेला चमत्कार म्हणत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

१४ जानेवारीच्या ओळीत आकडे नव्हते. तिथे लिहिलं होतं, "चहा नव्हता. विचारू नये. सांगतील."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. म्हणजे त्यांना हे सगळं पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. सोमवारमागून सोमवार मी सव्वानऊ, साडेनऊ करत राहिलो आणि त्यांनी एकदाही मला खोटं पाडलं नाही, हिचंही नाव घेतलं नाही. नुसती जागा करून बसून राहिल्या, माझं पोट सुटायची वाट बघत. त्या आता कोटाच्या खिशात हात घालून खिडकीबाहेर बघत होत्या, जणू बाहेर फार महत्त्वाचं काही चाललंय.

मी वही मिटली. "सोमवारी मुंढा सैल करून आणतो," म्हटलं.

घरी येताना आम्ही सावकाश चालत होतो. पिशवी हिच्या हातात. जिन्याशी आल्यावर तिने विचारलं, "गप्पसे झालात. काय होतंय?"

"बरं आहे," मी म्हणालो.

ती एक पायरी चढली, वळली आणि म्हणाली, "किती मिळवू?"

"काही मिळवू नकोस," मी म्हटलं. "आज आहे तेवढंच लिही."